फॅन्टमला दहा वाघांचं बळ नकोच : डेंकालीकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डेंकालीकर, नमस्कार.

'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' ही १९८६ ची कार्टून मालिका (जंगलातला मुखवटाधारी फॅन्टम, जादूगार मॅन्ड्रेक, त्याचा साथीदार लोथार आणि अंतराळवीर फ्लॅश गॉर्डन या कॉमिक्सच्या नायकांना एकत्र आणणारी) नव्यानं आली तर ती कशी असावी, याबद्दलचे माझे अंदाज तुम्हाला पटलेले नाहीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अशा मालिकेची घोषणाच झालेली नाही, तेव्हा हा सगळा हवेतला कारभार. करायचीच असेल तर मूळ कॉमिक्सला धक्का लावू नये. "वेताळ (म्हणजे आपला फॅन्टम) तसाच, मॅन्ड्रेक तसाच, लोथार तसाच" हवा. आणि फॅन्टमच्या मुलीनं त्याची गादी चालवावी हे तर आजचं फॅड, कारण कवटीवरच्या शपथेत फक्त मुलग्यांचा उल्लेख आहे. इंद्रजाल कॉमिक्सचे बांधून घेतलेले खंड तुमच्या सदाशिव पेठेतल्या घरी अजून आहेत, असंही तुम्ही लिहिलंय. म्हणजे वाद घरच्याच माणसाशी आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

घोषणा झालेली नाही हे खरं, आणि तसं मी लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात म्हटलं होतं. पण अंदाज बांधायला काही आधार आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्लॅश गॉर्डनची दैनिक चित्रपट्टी नव्या चित्रकारानं पुन्हा सुरू केली. २०२४ मध्ये मॅड केव्ह या प्रकाशनानं 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' याच नावानं नवं कॉमिक काढलं. त्याच वर्षी 'एक्स-मेन ९७' आली आणि १९९२ ची कार्टून मालिका जिथं थांबली होती तिथून पुढं नेता येते, मोठी झालेली पोरं ती बघतात, हे दिसलं. या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की माझ्यासारख्याच्या डोक्यात चक्रं फिरणारच. शिवाय मालिका येवो न येवो, 'कशी यावी' हे बोलताना आपल्याला त्या गोष्टीत नेमकं काय प्रिय आहे ते ठरवावं लागतं. मला तेच ठरवायचं आहे.

आता "तसाच". तसाच म्हणजे कोणता?

ली फॉकनं १७ फेब्रुवारी १९३६ ला फॅन्टम सुरू केला तेव्हा त्याचं जंगल आशियाच्या बाजूला कुठंतरी होतं. म्हणून तर तिथं वाघ आहेत आणि चाच्यांच्या टोळीचं नाव 'सिंग' आहे. पुढं ते जंगल आफ्रिकेत सरकलं, वाघ मात्र राहिले. देशाचं नाव मुळात बंगाला. आपल्याकडं बंगालशी घोटाळा नको म्हणून इंद्रजालच्या संपादकांनी त्याचं डेंकाली केलं आणि सिंग चाच्यांचे सिंगा केले. तुम्ही अभिमानानं घेतलेलं टोपणनाव त्याच बदलातून आलंय. पोशाखाचंही तसंच. फॉकच्या मनात तो राखाडी होता, अमेरिकेत छापताना जांभळा झाला, इटलीत लाल, स्वीडन-नॉर्वेकडं निळा. जंगलावर सिंहासनातून नजर ठेवणारा गोरा माणूस ही कल्पना नंतर फॉकलाच अपुरी वाटली असावी. त्यानं त्या देशाला लामांडा लुआगा हा कृष्णवर्णीय, लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष दिला आणि फॅन्टमला त्याचा मित्र केलं. १९७७ मध्ये त्याच्या प्रेयसीशी, डायनाशी, लग्नही लावून दिलं. मार्च १९६४ पासून १९९० पर्यंत इंद्रजालमधून आपल्याकडं जो फॅन्टम आला, तो इतक्या हातांतून बदलत आलेला होता. अप्पा बळवंत चौकात जुन्या अंकांच्या गठ्ठ्यातून आपण जो मूळ म्हणून उचलतो, तोही त्या बदलांपैकीच एक.

लोथारबाबत तर "तसाच" हा शब्द तुम्ही मागं घ्यावा अशी माझी मनापासून विनंती आहे. १९३४ चा लोथार बिबट्याचं कातडं पांघरून, डोक्यावर फेझ टोपी घालून मॅन्ड्रेकच्या मागं उभा असायचा आणि मोडकंतोडकं बोलायचा. स्वतः राजपुत्र असलेला माणूस! १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढू लागले, त्यानंतर तो धड कपड्यांत आला, धड बोलू लागला, मॅन्ड्रेकचा बरोबरीचा मित्र झाला. तुम्हाला आवडतो तो हा लोथार. १९८६ च्या मालिकेत तर तो चार नायकांपैकी एक आहे. बदल झाला म्हणून तो टिकला.

तरीही तुमच्या रागातला एक भाग मला समजतो, कारण त्या मालिकेनं फॅन्टमचं जे केलं त्याचा मलाही राग आहे. ६५ भाग, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरून तेरा आठवड्यांची बेगमी. सोबत खेळणी विकायची. चार नायकांमध्ये फ्लॅशकडं अंतराळयानं, मॅन्ड्रेककडं जादू, लोथारकडं ताकद. मग फॅन्टमकडं काय? कॉमिक्समध्ये जंगलात त्याच्याविषयी ज्या म्हणी फिरतात त्यात एक आहे, की त्याच्या अंगात दहा वाघांचं बळ आहे. मालिकेनं ती शब्दशः घेतली. फॅन्टम जंगलाच्या कायद्याला हाक मारतो आणि खरोखरच दहा वाघांचं बळ त्याच्या अंगात येतं.

इथं सगळं बिघडतं. फॅन्टमला कुठलीही दैवी शक्ती नाही हीच त्याची गंमत आहे. १५३६ मध्ये चाच्यांनी जहाज बुडवल्यावर किनाऱ्याला लागलेला एक माणूस कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, त्याच्यानंतर त्याचा मुलगा तोच पोशाख चढवतो, मग त्याचा मुलगा, आणि बाहेरच्या जगाला वाटत राहतं की हा एकच माणूस, चारशे वर्षं जिवंत. तो गोळी लागून मरू शकतो. त्याचे वाडवडील तसे मेलेत आणि कवटी गुहेत त्यांच्या समाध्या आहेत. त्याचं बळ लोकांच्या तोंडी असलेल्या गोष्टीत आहे. जंगलातल्या बांदर टोळीचे लोक, त्यांचा म्होरक्या गुरान, ढोलांवरून जाणारा निरोप, त्याच्या अंगठीच्या ठोशानं जबड्यावर उठणारा कवटीचा ठसा, हे सगळं मिळून ती गोष्ट जिवंत ठेवतात. दहा वाघ खरे केले की या सगळ्यांची गरजच संपते. म्हणून नव्या मालिकेत पहिली कात्री तिथं लागावी असं मी लिहिलं. मूळ कॉमिक्सशी इमान राखायचं तर राखायचं ते इथं.

आणि जेडाचा मुद्दा याच्यातूनच निघतो, फॅशनमधून नाही. मालिकेतला फॅन्टम सत्ताविसावा आहे. त्याला मुलगा नाही, मुलगी आहे, जेडा. तिच्या सोबतीला किसा ही काळ्या बिबट्याची मादी आणि मनानं संवाद साधण्याची ताकद. पासष्ट भागांत तिला बापाच्या पथकातली एक पोर म्हणूनच जास्त वापरलं. चारशे वर्षांची परंपरा तिच्यापाशी येऊन थांबते, हा केवढा मोठा प्रश्न समोर पडला होता! शपथेत "माझे मुलगे आणि त्यांचे मुलगे" आहे हे तुम्ही बरोबर सांगितलंत. पण तो माझ्या कल्पनेला अडसर नाही, ते तिचं नाट्य आहे. बापानं शपथ बदलावी की पोरीनं ती न विचारता घ्यावी? गुरान कोणाच्या बाजूनं बोलेल? लोकांना पोशाखाच्या आत कोण आहे ते कधीच कळत नाही, तर मग बाई असल्यानं काय अडलं? ली फॉकनं स्वतःच सतराव्या फॅन्टमच्या बहिणीला, ज्युलीला, भाऊ उभा राहू शकत नव्हता तेव्हा तो पोशाख घालून मैदानात उतरवलंय. तिथं शपथ आडवी आली नाही. जेडाची ती मनातलं ओळखण्याची शक्ती मात्र मी काढून टाकीन, बापाचे दहा वाघ काढले त्याच न्यायानं.

फ्लॅशबद्दल फार बोलत नाही. त्याच्या बायकोला, डेलला, सुरुवातीलाच मारून तिचं मन आधी स्फटिकात आणि मग कॉम्प्युटरमध्ये ठेवायचं, हे मला तेव्हाही आवडलं नव्हतं. ती हाडामांसाची हवी. मिंग या खलनायकाचं मात्र नीट व्हायला हवं. १९३४ मध्ये तो रेखाटला गेला तो आशियाई माणसाच्या भीतीतून, लांब मिशा आणि तिरके डोळे घेऊन. १९८६ मध्ये त्याला हिरवा रंग दिला, बाकी घडण बरीचशी तीच. आपण आशियातले वाचक आहोत, हे आपल्याला खटकायलाच हवं. तो परग्रहावरचा हुकूमशहा आहे ना, मग तो परग्रहावरचाच दिसू दे.

एका बाबतीत आपलं पूर्ण जुळतं. मॅन्ड्रेकची जादू संमोहनापुरतीच असावी, खऱ्या ठिणग्या उडू नयेत, हे तुमचं वाक्य मी लेखात घालायला हवं इतकं नेमकं आहे. फक्त त्यातून एक पेच उभा राहतो, आणि तो मी तुमच्याकडंच सोपवतो. मिंगचं पृथ्वीवरचं सैन्य बर्फातल्या तळावरच्या यंत्रमानवांचं आहे. संमोहन चालतं ते मनावर, यंत्रावर नाही. मग लढाई जुंपल्यावर मॅन्ड्रेकनं नेमकं काय करायचं? माझ्याकडं एक उत्तर आहे : त्यानं यंत्रमानवांच्या वाटेलाच जाऊ नये, त्यांना हुकूम देणाऱ्या मिंगला भलतंच दृश्य दाखवावं. पण मिंगही संमोहनात कच्चा नाही. तुम्ही काय कराल ते खाली लिहा.