वाशिष्ठीचं पाणी समुद्रात ‘वाया’ जात नाही

पाऊस लागला की हा मेसेज हटकून फिरू लागतो: ‘कोकणातल्या नद्यांचं पाणी दरवर्षी समुद्रात फुकट जातं. ते सह्याद्रीवरून मराठवाड्यात न्या. तिकडचा दुष्काळ हटेल, चिपळूणचा पूर टळेल. कोकणाला तसंही एवढं पाणी लागत नाही.’ मराठवाड्याची तहान खरी आहे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते कुणी विसरू नये. पण म्हणून मेसेजमधलं बाकीचं खरं ठरत नाही.

‘फुकट जातं’ हे पहिलं. मी चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या खाडीकाठी वाढलो, म्हणून हा शब्द मला फार लागतो. पावसाळ्यात डोंगरातून उतरणारं गढूळ पाणी पालापाचोळा आणि गाळ घेऊन येतं, त्यावर कांदळवन पोसतं. कोळंबी अंडी समुद्रात घालते, पण तिची पिल्लं वाढायला खाडीत येतात. जिताडा माशाचंही तसंच. ओहोटी लागली की बाया घोटाभर, गुडघाभर चिखलात उतरतात, हाताने चाचपत तिसऱ्या काढतात, खडकाला चिकटलेली कालवं कोयत्याच्या टोकाने सोडवतात. भरती चढायच्या आत टोपली भरायची असते. कित्येक घरांत त्या दिवसाचा बाजार या टोपलीवरच होतो. वरून गोडं पाणी यायचं थांबलं तर खारं पाणी आत सरकतं आणि काठच्या विहिरी मचूळ होतात.

नदी समुद्रापर्यंत पोचली नाही तर काय होतं, हे आपल्याच कृष्णेने दाखवलंय. २००१ ते २००४ च्या दुष्काळी वर्षांत तिचं जेमतेमच पाणी बंगालच्या उपसागराला मिळालं. धरणांमागे गाळ अडल्याने तिच्या मुखाकडचा किनाराही झिजतो आहे.

आता ‘सह्याद्रीवरून न्या’. हिशोब कागदावर कुणीही करून बघावा. १ टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २.८ कोटी घनमीटर पाणी. ते ५०० मीटर वर चढवायला, पंपांची घट धरून, साधारण ४.८ कोटी युनिट वीज लागते. हे फक्त १ टीएमसीचं, आणि कालवे, बोगदे, धरणं वेगळीच. शिवाय उन्हाळ्यात चिपळूणला वाशिष्ठी वाहती दिसते ती कोयनेच्या अवजलामुळे, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेल्या पाण्यामुळे. मुळात ते कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी. वीजनिर्मितीसाठी ६७.५ टीएमसी पश्चिमेकडे सोडायला कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने मान्यता दिली, म्हणून ते इकडे उतरतं. खाली सोडून जितकी वीज मिळते त्याहून जास्त वीज तेच पाणी परत वर न्यायला लागणार. पाणी पूर्वेकडेच हवं असेल, तर ते वरच ठेवायचं की वीज करायची, हा वाद उघडपणे घालावा. तो वाद रास्त आहे, आणि त्याला पंप लागत नाहीत.

पुराचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात बुडालेल्या माणसांना खोटी आशा दाखवली जाते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते डोंगरातला अचाट पाऊस आणि त्यात भरती, यामुळे. नदीचं पात्र गाळाने भरलेलं होतं, तेही होतंच. एका दिवसात १ टीएमसी पाणी ५०० मीटर उचलायला सुमारे २,००० मेगावॅटचे पंप लागतील. अख्खा कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा आहे. शिवाय हे पंप वर्षातले थोडे दिवस चालणार आणि बाकी काळ गंजत पडणार. गाळ काढणं, पूररेषेत भराव टाकू न देणं, वेळेवर इशारा देणं, याने पुढचा पूर सोसता येईल.

राहिला प्रश्न कोकणाला पाणी लागत नाही याचा. जुलैत इथे छत्री टिकत नाही हे खरं, पण जांभ्या दगडाच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या पठारावरून, पाणी भराभर निघून जातं. एप्रिल-मेमध्ये डोंगरातल्या वाड्यांना टँकर येतात, आणि धनगरवाड्यांतल्या बाया हंडे घेऊन पऱ्ह्यातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, डबक्यापर्यंत उतरतात. म्हणून पाऊस सरला की गावकरी सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून ओढ्यावर बंधारा घालतात. एक दिवस श्रमदान, आणि वरच्या अंगाच्या विहिरीला आणखी काही आठवडे पाणी राहतं.