स्टार्टरचा आवाज

परवा फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'मराठवाड्याची माणसं खिशानं फाटकी, पण मनानं श्रीमंत.' खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मीही अंगठा दिला. फोन खाली ठेवला आणि 2016 चा उन्हाळा आठवला. म्हणून हे लिहायला बसलो. लांब होईल, वेळ असेल तर वाचा.

ज्यांनी तो उन्हाळा लातुरात काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडलेल्या, नळ कोरडे, टँकर आला तर आला. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली. 144 कलम दंगलीत लागतं असं ऐकलं होतं, ते पाण्यासाठी लागलेलं आम्ही पाहिलं.

आमच्या गल्लीत सात बोअर. पाच मार्चपर्यंत गेले. आमचा सातशे फुटांचा, तो कसाबसा तग धरून होता. दिवसभर बंद ठेवला तर पहाटे वीस मिनिटं चालायचा, मग पाइप गुळण्या करायला लागायचा. चारपाचशे लिटर पाणी. घरात सहा माणसं, त्यात आई अंथरुणाला खिळलेली. (आईचं मुद्दाम सांगतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. इतकी वर्षं झाली तरी सबब तयार असते.)

भिंतीला भिंत लागून काकू राहतात. तेव्हा त्या साठीच्या होत्या. काका गेलेले, मुलगा पुण्याला. एप्रिलच्या सुरुवातीला त्या आमच्या गेटपाशी आल्या. हातात काही नव्हतं. घागर घेऊन आल्या असत्या तर कदाचित मला नाही म्हणता आलं नसतं.

"बोअर चालू हाय का ओ तुमचा?"

"कुठला ओ काकू, परवाच आटला."

"आता कुणाचा राह्यलाय," म्हणत त्या वळल्या.

बोलून गेलो ते एका क्षणात. सांभाळावं मात्र रोज पहाटे लागलं. हौदात धार पडली की आवाज घुमतो, म्हणून पाइपाचं तोंड पार तळापर्यंत सोडलं आणि त्याला जुना बनियन गुंडाळला. लाइट लावायचा नाही, मोबाइलच्या उजेडात सगळं. स्टार्टरचं मात्र काही करता येईना. हिरवं बटण दाबलं की खट्ट. पहाटे साडेतीनच्या शांततेत तो खट्ट केवढा मोठा वाटायचा! एकदा त्याच्यावर उशी दाबून पाहिली. मागं वळलो तर बायको दारात उभी. ती काहीच बोलली नाही. तेव्हा वाटलं, बरं झालं.

12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, एकेकीत 50 हजार लिटर. अख्ख्या देशानं टीव्हीवर ती गाडी पाहिली. मीही पाहिली, सोफ्यावर बसून, डोळ्यांत पाणी आणून. कृष्णेचं पाणी तीनशेहून जास्त किलोमीटर लांबून आमच्यासाठी आलं म्हणून ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला उठून बनियन गुंडाळलेला पाइप हौदात सोडला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे, खरं सांगतो, मनातसुद्धा आलं नाही.

आता खाली कुणीतरी लिहील, परिस्थितीच तशी होती, कुणीही तेच केलं असतं. नाही. गल्लीत शिल्लक राहिलेल्या दोन बोअरांपैकी दुसरा एका रिक्षावाल्याचा. त्यानं रोज सकाळी पाऊण तास कंपाउंडवरून पाइप बाहेर सोडला. मे महिन्यात त्याचा बोअर गेला. मग तोही इतरांबरोबर टँकरच्या रांगेत. त्याला त्याबद्दल बोलताना मी कधी ऐकलेलं नाही.

बोलतो आम्ही. आमच्या घरात बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट लहानपणापासून ऐकतोय. आजी सांगायची: धान्य नव्हतं, रेशनची लाल मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली, खडी फोडली, पण आपल्या विहिरीला पाणी होतं आणि आपण कुणाला नाही म्हणलो नाही. ही गोष्ट मी शाळेत निबंधात लिहिली होती, बक्षीस मिळालं होतं. कॉलेजात गेल्यावर शिंगं फुटली तसं तिला एकदा विचारलं, "वस्तीतल्या बाया पण आपल्या विहिरीत घागर सोडायच्या का?" आजी दाणे निवडत होती. हात थांबला. "तसं कुठं आसतंय? त्या लांब थांबायच्या. आपल्यातलं कुणीतरी शेंदून त्यंच्या घागरीत वरून वतायचं." मग पुन्हा निवडायला लागली. "पर दिलं की पानी."

दिलं, हे खरंच. पण उन्हात घागर घेऊन दुपारपर्यंत थांबलेल्या बाईनं तीच गोष्ट तिच्या नातवाला कशी सांगितली असेल? त्यात आमची विहीर असेल, आजीही असेल, पण बक्षीस मिळण्यासारखं काही असेल असं वाटत नाही. आपल्याकडे माणुसकीच्या गोष्टी सगळ्या विहीरवाल्यांनी सांगितलेल्या आहेत. ज्याची विहीर, त्याची गोष्ट. मागायला आलेल्याला सांगायला बसवलं की काय निघतं ते मला गेल्या येळवसीला कळलं.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली अमावस्या, त्या दिवशी अख्खं लातूर शेतात असतं, शहरात कर्फ्यू लागल्यासारखं वाटतं. ज्याला शेत नाही त्यानं कुणाच्याही शेतात जावं, जेवल्याशिवाय कुणी सोडत नाही. आमचं शेत वाटण्यांत आणि कर्जात गेलं. त्यामुळे दरवर्षी काकूंच्या शेतावर जातो. हो, त्याच काकू. 2016 च्या डिसेंबरातही त्यांनी बोलावलं होतं आणि मी गेलो होतो. पोटभर जेवून आलो होतो.

यंदा पूजा झाली, कोपीत, म्हणजे कडब्याच्या खोपीत, बसलो. मडक्यातली आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी, म्हणजे भाज्या-शेंगांची एकत्र भाजी. काकू वाढत होत्या. पाण्याचा विषय निघाला, कुणीतरी त्या सालचं काढलं. काकू माझ्या पत्रावळीत भज्जीची पळी टाकता टाकता म्हणाल्या, "तवा ह्येंच्या स्टार्टरवरच मी उठायचे की. पहाटं खट्ट वाजलं की समजायचं, साडेतीन झाले. तोंड धुवून टँकरच्या नंबराला जायचं. गजर लावायची गरजच नव्हती बघा."

आणि हसल्या. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला झेलता आला असता. त्यांच्या लेखी ती त्या उन्हाळ्यातली एक सोय होती. बाकीचे हसले, मीही हसलो. बायको हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आंबिलीच्या भांड्यात बघत बसली.

मी उशी दाबत होतो तेव्हा भिंतीपलीकडं एक बाई त्याच आवाजावर उठून, अंधारात दोन घागरी घेऊन रांगेत जात होती. परत येऊन दिवसभरात भेटलो की म्हणायची, "आईला कसं हाय ओ आता?"

घरी आल्यावर बायको म्हणाली, जाऊन बोला एकदा. पण बोलायचं काय? देवापुढं कान धरून 'चुकलं माकलं माफ कर' म्हणायला आपल्याला काही वाटत नाही, रोजचंच आहे ते. माणसापुढं आलं की जीभ जड होते. आमच्या घरात कुणी कुणाची माफी मागितलेली मला आठवत नाही. भांडण झालं की वडील संध्याकाळी भेळ घेऊन यायचे, विषय संपला. भेळ कुणी परत केल्याचंही आठवत नाही.

गेलो शेवटी, आठ दिवसांनी. काकूंनी चहा टाकला. मुलाच्या फ्लॅटचं बोलणं झालं, गुडघ्याचं झालं, वांग्याच्या भावाचं झालं. तोंडापर्यंत दोनदा आलं. दुसऱ्यांदा तर मी "काकू, त्या साली..." इथपर्यंत गेलो. त्या म्हणाल्या, "साखर कमी पडली का?"

निघताना त्यांनी हाक मारली. येळवसीला भज्जी बांधून दिली होती, तो डबा आमच्याकडंच राहिलाय म्हणाल्या, सावकाश द्या.

डबा ओट्यावर आहे. घासून, पुसून, पालथा. रिकामा डबा परत करायची आपल्यात पद्धत नाही. बायको रोज विचारते, काय घालून देऊ?