लिनक्सवाला रायटर आहे का?

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन “लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरतात ती संगणकप्रणाली) चालणारा डीव्हीडी रायटर द्या” म्हणणं म्हणजे भटजींना “हे मंत्र ओ पॉझिटिव्हला चालतात का?” असं विचारणं. पण बाबांचा हुकूम होता. घरातले सगळे जुने फोटो तबकडीवर हवेत. “पेनड्राइव्ह पोरं फॉरमॅट करतात. तबकडीवर एकदा लिहिलं की कुणाच्या बापाला पुसता येत नाही,” हे त्यांचं म्हणणं. आता बापच असं म्हटल्यावर काय बोलणार!

दुकानदाराने मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, “विंडोज टाकून देऊ?”

“नको, माझ्याकडे लिनक्स आहे.”

“तेच म्हणतोय. विंडोज टाकून देऊ?”

खोक्यावर फक्त विंडोज आणि मॅक छापलेलं. आत ड्रायव्हरची सीडी. म्हणजे ड्राइव्ह चालवायला लागणारी सीडी वाचायला आधी ड्राइव्ह चालायला हवा. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल ते असो. खरं तर लिनक्सला ती सीडी लागतच नाही. सगळे रायटर एमएमसी नावाच्या एकाच ठरलेल्या आज्ञासंचावर चालतात. वायर खुपसली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ‘एसआरझिरो’ म्हणून त्याची नोंद करतो, पुढचं तबकड्या लिहिणारं के-थ्री-बी हे सॉफ्टवेअर बघून घेतं. कंपनी कुठली, रंग कुठला, काही फरक पडत नाही.

हे लिनक्सवाल्या मित्राला मात्र सांगू नये. त्याने फोनवर इतिहास सुरू केला. २००३ च्या अखेरीस २.६ कर्नल आला, तोवर साध्या आयडीई जोडणीच्या रायटरला आपण स्कझी या वेगळ्या जोडणीचे असल्याचं सोंग कसं आणावं लागायचं. मग २००६ मध्ये लायसन्सवरून सीडीरेकॉर्ड या सीडी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचा लेखक आणि डेबियन नावाचं लिनक्स बनवणारे यांची कशी जुंपली, आणि डेबियनने त्याच प्रोग्रॅमपासून ‘वोडिम’ची वेगळी चूल कशी मांडली. सीडी भाजण्यावरून एवढी भाऊबंदकी! “ते ठीक आहे, पण घेऊ कुठला?” म्हटलं तर म्हणतो, “कुठलाही घे रे.”

खरी मेख विजेची. यूएसबी टू पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, आणि लिहायला बसलेल्या रायटरला तेवढ्याने भागेलच असं नाही. मग तो मध्येच मान टाकतो आणि तबकडी वाया जाते. म्हणून मी दोन पोर्टांतून वीज ओढणारी, दोन शेपट्यांची केबल असलेला रायटर निवडला आणि तिथेच काउंटरवर लॅपटॉप उघडून डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा, चालवलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागताच दुकानदाराने पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला.

“ओ साहेब, हॅकिंग बाहेर जाऊन करा. इथे कॅमेरा आहे.”

घरी बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. वेष्टनावर ४.७ जीबी आणि माझ्या पडद्यावर ४.३८.

“मधले कुठे गेले?”

“बाबा, कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसने.”

“म्हणजे मापात पाप. बिल घेतलंयस ना?”

तबकडी निघाली, पडताळणीही झाली. बाबांनी तिच्यावर मार्करने झोकदार अक्षरात ‘कुटुंब’ लिहिलं, फुंकर मारून वाळवलं आणि म्हणाले, “उत्तम. आता हेच सगळं एका पेनड्राइव्हवर घाल. आत्याला पाठवायचंय, तिच्या लॅपटॉपला तबकडी घालायची जागाच नाही.”