उसना झेड

एडिनबरात मी एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. गोळ्या मोजायच्या, पिशवीत भरायच्या आणि पिशवीवरचं नाव मोठ्यानं पुकारायचं. स्कॉटलंडमध्ये २०११ पासून चिठ्ठीवरची औषधं फुकट मिळतात, त्यामुळे पुकारायला नावांचा तुटवडा नाही. अमलोडिपिन आणि ॲटॉर्वास्टॅटिन न अडखळता वाचणाऱ्याला माणसांची आडनावं काय अडणार, असं मला वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात एक पिशवी आली. 'मिसेस मेंझीस!' मी पुकारलं. नावाच्या मधोमध चांगला ठसठशीत झेड होता. कुणी हललं नाही. कुणी म्हणजे, दुकानात एकच आजी होत्या. हिरवा मफलर, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मी पुन्हा पुकारलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग वळून दाराकडे पाहिलं, ती मेंझीस नावाची बिचारी बाई आली की काय ते बघायला. तिसऱ्या हाकेला त्या उठल्या, काउंटरपाशी आल्या आणि म्हणाल्या, "मिंगिस, सन. मिंगिस."

मी पिशवीकडे पाहिलं. 'ग' कुठेच नव्हता. झेड होता, तो त्या मोजत नव्हत्या.

घरी येऊन खणून काढलं. जुन्या स्कॉट लिखाणात योघ नावाचं एक अक्षर होतं. दिसायला इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं, शेपूट खाली लोंबणारं. उच्चार साधारण आपल्या 'य'चा, आणि शेजारी 'न' असला की पुढे तो नाकात शिरला. १५०८ साली याच एडिनबराच्या काउगेट भागात स्कॉटलंडचा पहिला छापखाना निघाला. छापखानेवाल्यांकडे या अक्षराचा खिळाच नसायचा, मग दिसायला जवळचा म्हणून झेडचा खिळा बसवायचे. तात्पुरती सोय. आपल्याकडे तात्पुरत्या सोयी किती टिकतात ते मी पाहिलेलं आहे, पण पाचशे वर्षं म्हणजे फारच झालं. मॅकेन्झी मंडळींनी शेवटी हार मानली आणि ते झेड उच्चारू लागले. मिंगिस अजून लढताहेत.

एकदा हे कळल्यावर मी सावध झालो, पण सावध होऊन काही उपयोग नसतो. पुढच्या पिशवीवरचं नाव मी 'डालझील' असं वाचलं. गृहस्थ म्हणाले, "डी-एल." मी म्हटलं, नको, लायसन्स दाखवायची गरज नाही. ते त्यांचं आडनाव होतं. मग एक 'कोलकुहून' आले. ते म्हणाले, "कहून." माझं आजोळ अकोल्याचं. 'काहून म्हणजे? तुमचंच नाव हाये ना!' हे ओठांवर आलं होतं, नोकरी आठवली म्हणून गिळलं.

आणि ज्या दिवशी मी पूर्ण आत्मविश्वासानं 'मिस्टर मिंगिस!' अशी खणखणीत हाक दिली, त्या दिवशी नेमका एक उंच, उन्हानं रापलेला माणूस उठला आणि म्हणाला, "मेंझीस, माइट." ऑस्ट्रेलियाचा होता. तिकडे झेड वाजवतात. त्यांचे पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस हेही तिकडे झेडवालेच, पण टोपणनाव मात्र 'मिंग'!

अर्थ तरी धड असेल म्हणून पाहिलं, तर नॉर्मंडीतल्या मेनियेर नावाच्या गावाचे, म्हणून मेंझीस. म्हणजे सगळा डामडौल उतरवला की मेनियेरकर. आपलाच माणूस. शेजारचे कॅम्बेल म्हणजे इथल्या जुन्या गेलिक भाषेत 'वाकडं तोंड' आणि कॅमेरॉन म्हणजे 'वाकडं नाक'. इथे मेंझीस कॅम्बेल नावाचे एक मोठे पुढारी होते. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये धावलेले, पुढे लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते. त्यांचं नाव मी मनात 'मेनियेरकर वाकडतोंडे' असं केलं आणि एक दिवस कॅम्बेल आडनावाच्या बाईंना इन्सुलिन देताना मला हसू आवरेना.

आजींशी पुढे गट्टी जमली. इंग्रजीत या आडनावावर यमकं जुळवायचा खेळच आहे. यमकाच्या शब्दांचं स्पेलिंगही तसंच वेडंवाकडं करायचं. "तुमच्या भाषेत जुळवून दाखव," आजी म्हणाल्या. आपल्याला काय, 'स' प्रत्यय हाताशी आहे:

हाक घातली मी 'मिंगिस',
फुंकर जैसी पुंगीस;
आजी आल्या काउंटरवरती,
जशी साखर दिसे मुंगीस!

बायकोनं वाचून विचारलं, "आजी कसल्या गोळ्या नेतात रे?" मधुमेहाच्या. कडवं घरीच राहिलं.

मी आजींना फुशारकीनं सांगितलं की आमच्याकडे ही भानगड नाही, लिहितो तसंच बोलतो. त्यांनी चष्मा सारून माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला. "जॅड-हॅव?" मी म्हटलं, जाधव. त्यांनी कान पुढे केला. "हा जे नाही. हा तर झेडसारखा वाजतोय." खरंच होतं. जनतेचा 'ज' वेगळा आणि जाधवाचा वेगळा, 'माझा'तला झ वेगळा आणि 'माझी'तला वेगळा, आणि लिहायला अक्षर एकच. आपणही योघवालेच निघालो.

"आमच्याकडे एक झेड नुसता पडून आहे," आजी म्हणाल्या. "घेऊन टाक."

ख्रिसमसला त्यांचं कार्ड दुकानाच्या पत्त्यावर आलं. पाकिटावर माझं आडनाव, त्यातला 'जे' खोडून ठळक झेड. त्या सुमारास लीड्सहून एक नवी मुलगी शिकायला आली होती. मीच तिला पढवलं होतं की स्कॉटलंडात झेड दिसला की झेड म्हणायचं नाही, 'य' म्हणून बघायचं. तिनं पाकीट उचललं आणि पुकारलं, "मिस्टर यादव!"

आमचे आजोबा छातीठोकपणे सांगायचे, आपण मूळचे देवगिरीचे यादव, 'य'चा 'ज' नंतर झाला. पण हे सुचायला वेळ लागला. तोवर मी वळून दाराकडे बघत होतो, कोण यादव आलाय ते.

तिसऱ्या हाकेला उठलो.