बदामाचं पदक आणि मामांची पुडी

परवा सकाळी मामींचा फोन. मामांनी आठ महिन्यांनी परत तंबाखूची पुडी आणली, चुन्याची डबीसुद्धा नवीन, आणि विचारलं तर म्हणे "कॅनडातले वर्ल्ड चॅम्पियन घेतात, डॉक्टरनीच लिहिलंय त्यात, आपली पोरगी तिकडंच राहते तिला विचार." मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेला माणूस! तो फॉरवर्ड मलाही फॅमिली ग्रुपवर आला होता, मी न वाचता अंगठा दिला होता, त्यामुळे अर्धी चूक माझीच.

फॉरवर्डचं नाव "चार भाऊ, एक दगड". थोडक्यात असं की १९५९ साली कॅनडातल्या चार सख्ख्या गरीब शेतकरी भावांनी उणे चाळीसमध्ये गोठलेल्या नदीवर घरच्या केरसुण्या घेऊन कर्लिंगची, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायच्या खेळाची, राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, फायनलमध्ये शेवटच्या दगडावर, मग सलग पाच वर्षं जिंकली आणि ऑलिंपिकचं सोनं आणलं. स्पर्धेचं नाव 'ब्रायर', ही म्हणे एक औषधी वनस्पती, तिचा धूर छाती गरम ठेवतो. आणि तंबाखूने हृदयाला बळ मिळतं म्हणून खेळाडूंना हृदयाच्या म्हणजे बदामाच्या आकाराचं पदक द्यायचे. खाली "एका नामांकित डॉक्टरांच्या मते" आणि पाच हात जोडलेले.

मी कॅनडातल्या रेजिनात राहते, ते भाऊ इथलेच, आणि दर गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः क्लबात लीडला खेळते, म्हणजे पहिले दोन दगड टाकायचे आणि मग बाकीच्यांच्या दगडांपुढे घासत सुटायचं. तेव्हा बोलायचा थोडाफार हक्क आहे.

आधी फॉरवर्डसोबत आलेला फोटो. फोटोतल्या चौघांच्या पँटी बघितल्या का, लाल-पांढऱ्या-निळ्या चौकटींच्या? १९५९ मध्ये असल्या पँटी घालून कोणी बर्फावर उतरलं असतं तर बाकीच्या संघांनी हसून दगड सोडले असते. तो नॉर्वेचा संघ आहे, २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकचा, रौप्यपदकवाला. कॅनडाचा नाही, १९५९ चा नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे चौघे भाऊही नाहीत.

आता भाऊ. रिचर्डसन नावाचा संघ खरा आहे, १९५९ ला क्वेबेक सिटीत मॅकडोनल्ड ब्रायर जिंकला तेही खरं. पण अर्नी आणि गार्नेट, ज्याला सगळे सॅम म्हणत, हे दोघं सख्खे, आणि आर्नल्ड आणि वेस हे त्यांचे चुलत भाऊ. आता आपल्यात चुलत भाऊ म्हणजे भाऊच, त्यामुळे हे अर्धं मी सोडून देते, पण "सख्खे" लिहिलंय ना, मग सख्खे नाहीत. शिवाय १९६३ ला वेसच्या जागी मेल पेरी होता, तो रिचर्डसनच नव्हे.

सलग पाच वर्षं? १९५९, १९६०, १९६२, १९६३. मोजा. चार, आणि मध्ये १९६१ चं भोक. ऑलिंपिक तर सोडाच, तेव्हा कर्लिंग ऑलिंपिकमध्ये नव्हतंच, १९२४ ला शामोनीला खेळले होते आणि मग पदकं थेट १९९८ ला नागानोत. यांनी जिंकला तो स्कॉच कप, १९५९ ला कॅनडा विरुद्ध स्कॉटलंड असे पाच सामने, पाचही यांनीच घेतले. ते काय कमी होतं की सोनं चिकटवायला लागलं?

फायनलचा शेवटचा दगड वाचून तर मी मोठ्याने हसले, कारण फायनल नव्हतीच. अकरा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, ज्याचे विजय जास्त तो चॅम्पियन, बरोबरी झाली तरच जादा सामना. प्लेऑफ वगैरे १९८० पासून. ज्याने हे लिहिलं त्याने क्रिकेटची फायनल बघून लिहिलंय.

आणि नदी! ब्रायर मोठमोठ्या बंदिस्त अरीनात व्हायची, १९६० ची फोर्ट विल्यम गार्डन्समध्ये. स्कॉटलंडमध्ये पूर्वी गोठलेल्या तळ्यांवर खेळायचे हे मान्य, पण ते ब्रायर नव्हे. केरसुणी मात्र निम्मी खरी, तेव्हा ब्रूमकॉर्न नावाच्या ज्वारीच्या जातीच्या जाड केरसुण्याच असायच्या, पण खेळासाठी बांधलेल्या, स्वयंपाकघरातल्या नाहीत. आणि ते घासणं म्हणजे काय ते एकदा करून बघा. वीस किलोच्या आसपासचा ग्रॅनाइटचा दगड घरंगळत येतोय, त्याच्या नाकासमोर उलटं-सुलटं पळत बर्फ घासायचा, घर्षणाने वरचा थर जरासा गरम होतो, दगड लांब आणि सरळ जातो. तेव्हा सामना बारा एंडचा, एंड म्हणजे डाव, एका एंडला आपल्या संघाचे आठ दगड, त्यातले लीडचे दोन सोडले तर उरलेल्या सहांपुढे लीडने घासायचं, म्हणजे बहात्तर वेळा पळायचं, आणि असे दहा सामने एका आठवड्यात. मी आठ एंड खेळून घरी येते तेव्हा मला भाकरीचा तुकडा मोडवत नाही. छाती गरम ठेवायला धूर लागतो म्हणे!

आता मुख्य. इथे मी चिडलेय ते यासाठीच.

'ब्रायर' ही वनस्पती आहे, बरोबर. भूमध्य समुद्राकाठचं एक झुडूप, त्याच्या मुळाच्या गाठीपासून तंबाखू ओढायचे पाइप कोरतात. कोरतात, ओढत नाहीत. आणि स्पर्धेला ते नाव मिळालं ते औषध म्हणून नाही तर मॅकडोनल्ड टोबॅको कंपनीच्या तंबाखूच्या एका ब्रँडचं नाव ब्रायर होतं म्हणून. १९२७ पासून १९७९ पर्यंत पैसे त्याच कंपनीचे. एवढं साधं. जाहिरात होती ती, संशोधन नाही.

बदामाचंही तेच. ब्रायरला पोचलेल्या खेळाडूंना जांभळा बदाम मिळतो, कापडी, जॅकेटवर शिवायचा. इथल्या क्लबातल्या एका आजोबांच्या जुन्या स्वेटरवर तो मी हात लावून बघितलाय, कडेचे दोरे निघालेले, पण ते स्वेटर धुवायलासुद्धा कोणाला देत नाहीत. पण बदाम का? कारण मॅकडोनल्डच्या तंबाखूच्या वडीवर छोटा पत्र्याचा बदाम ठोकलेला असायचा, तो कंपनीचा शिक्का. पत्त्यातला बदाम. त्याचा मामांच्या स्टेंटशी काहीएक संबंध नाही.

आपल्याकडचंच बघा ना, १९९६ चा वर्ल्ड कप विल्सचा होता, आपल्या टीमच्या छातीवर विल्स लिहिलेलं असायचं. म्हणून सिगारेट ओढून सेंचुरी होते का? सचिनने स्वतः तर तंबाखूची जाहिरात कधी केली नाही.

हो, त्या काळी खेळाडू ओढायचे, बर्फावर उभं राहून ओढायचे, हे मी नाकारत नाही. सगळेच ओढायचे. पण तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉल आणि हिल या दोघा संशोधकांचा लेख १९५० ला आला, रिचर्डसन पहिल्यांदा जिंकायच्या नऊ वर्षं आधी. फुप्फुसाच्या कॅन्सरचे ६४९ पुरुष पेशंट तपासले, त्यात कधीच न ओढणारे किती? दोन. आणि दुसऱ्या आजारांच्या तेवढ्याच पुरुषांमध्ये सत्तावीस. हा एक आकडा त्या "नामांकित डॉक्टरां"समोर ठेवा, ते कुठल्या गावचे ते तरी कळू दे. आणि थंडीचं म्हणाल तर निकोटिनने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं उलट गार पडतात. उणे चाळीसमध्ये हे औषध!

मामांचं यावर उत्तर तयार होतं, "अगं मी धूर कुठं काढतो, मी तर नुसती मळतो." मामा, तंबाखू चघळून तोंडाचा कॅन्सर होतो, पुडीवरच इशारा छापलेला असतो, फोटोसकट, तो वाचायला फॉरवर्ड लागत नाही. आणि रक्तवाहिन्या आकसायला धूर लागत नाही, निकोटिन गालातूनही जातं. तुमच्या छातीत स्प्रिंग बसवलीय ती कशासाठी?

एवढं सगळं मी व्हॉइस नोटमध्ये बोलले, सात मिनिटांची झाली, ग्रुपवरच टाकली म्हणजे ज्यांनी ज्यांनी हात जोडले होते त्यांनाही पोचेल. दोन तास कोणी काही बोललं नाही. मग मामींचा मेसेज, पुडी त्यांनी कचऱ्यात टाकली आणि डबी लपवली. नंतर मामांचा फोन आला, मला वाटलं आता भांडणार.

"ते १९६१ चं भोक म्हणालीस, तेव्हा कोण जिंकलं गं?"

म्हटलं अल्बर्टाचा हेक जर्वे, धिप्पाड माणूस, बटाट्याची शेती करायचा.

मामांची मंचरला दीड एकर बटाट्याची आहे. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही.

"बटाटेवाला? एकरी किती निघत असतील त्याला तिकडं?"