चट्टा उठला म्हणून इंजेक्शन सोडू नका

चतुर्थीपासून आमच्या डिचोलीत एक मेसेज फिरतोय: "गरोदरपणी रक्त पातळ करायचं इंजेक्शन घेता आणि पोटावर लाल चट्टा उठला, तर विष बाळापर्यंत पोचलं समजा. त्याच दिवशी बंद करा, रोज कच्ची लसूण खा." तो वाचून माझ्या भावजयीने दोन दिवस इंजेक्शन घेतलंच नाही. तिला सातवा महिना आहे. म्हणून हे लिहिते आहे.

आधी बाळाचं. रक्त पातळ करणारी ही इंजेक्शनं, हेपारिन काय, एनॉक्सापॅरिन काय, त्यांचे रेणू एवढे मोठे की ते वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत जात नाहीत. गरोदरपणी डॉक्टर हीच इंजेक्शनं देतात ती त्यासाठीच. वार ओलांडते ती वॉरफरिनची, रक्त पातळ करणारीच, गोळी. ६ ते १२ आठवड्यांच्या काळात तिच्यामुळे बाळाच्या नाकाच्या आणि हाडांच्या वाढीला धोका असतो. मेसेजमध्ये एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारलाय. (वॉरफरिन चालू असेल तर तीही स्वतःच्या मनाने सोडायची नाही.)

आता चट्टा. सुई टोचल्यावर काळंनिळं पडतं ती ॲलर्जी नव्हे. तिथे रक्त साकळलेलं असतं आणि ते हळूहळू पिवळं पडून जातं. भावजयीचा चट्टा वेगळा होता. बेंबीच्या डावीकडे, रुपयाएवढा, लाल, बोटाला जाडसर लागणारा, आणि रात्रभर खाज. इंजेक्शन सुरू होऊन दहावा दिवस होता. ही मात्र खरी ॲलर्जी, उशिरा उठणारी, आणि गरोदर बायकांत ती आढळते. "काही नसतं, सहन कर" म्हणणारेही तितकेच चुकतात. पण त्यावर डॉक्टर औषध बदलून देतात: त्याच कुळातलं डाल्टेपॅरिन, तेही सोसलं नाही तर फोंडापॅरिनक्स.

इंजेक्शन असतं ते रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, आणि लसणीने गुठळी थांबत नाही. गरोदरपणी पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीच्या चार-पाच पट असतो, बहुधा डाव्या पायात, आणि बाळंतपणानंतरचे ६ आठवडे तो आणखी वाढतो. ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते.

वाट बघत बसायचं नाही अशा खुणा थोड्या आहेत. चट्टा काळा पडला, फोड आले किंवा इंजेक्शन सुरू झाल्यावर ५ ते १० दिवसांत प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) निम्म्यावर आल्या, तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांकडे. ओठ सुजले, श्वास लागला, तर थेट १०८.

भावजयीच्या डॉक्टरांनी चट्ट्याची कड पेनने आखून ठेवली आणि औषध बदललं. काल तिने दाखवलं: पेनची रेघ अजून दिसते, आतला लाल रंग ओसरलाय.