‘इंडिका’ म्हणजे भारतातलंच, असं नाही

सोलापुरात सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड तिसऱ्यांदा आलंय. म्हणणं असं: झाडांची लॅटिन नावं इंग्रजांनी आपल्यावर लादली, त्यांना काही अर्थ नसतो, नावात ‘इंडिका’ असेल तर झाड मूळ भारतातलं (उदाहरण चिंचेचं), आणि उच्चार इंग्रजी वळणाचाच बरोबर.

इंग्रजांचं आधी उरकतो. दोन शब्दी नावांची पद्धत रूढ केली स्वीडनच्या कार्ल लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं, १७५३ साली. इंग्रजांच्या इथल्या सत्तेचा पाया घालणारी प्लासीची लढाई त्यानंतर चार वर्षांनी झाली. पुढे इंग्रजांनीही इथल्या पुष्कळ झाडांना नावं दिली, ते खरं.

अर्थ नसतो म्हणे! शेंगाचटणीच्या गावात हे फिरतंय. शेंगदाणा म्हणजे ‘ॲरॅकिस हायपोजिया’. हायपोजिया, म्हणजे जमिनीखालचा. फूल येऊन गेलं की आऱ्या, म्हणजे फुलाखालचे बारीक देठ, सुटतात, मातीत शिरतात आणि शेंग तिथंच पोसते. आपण ‘भुईमूग’ म्हणतो तेव्हा दुसरं काय म्हणतो? हरभरा ‘सायसर एरिएटिनम’, यातलं एरिएटिनम म्हणजे एडक्यासारखा. दाणा चोचीच्या बाजूनं न्याहाळा, शिंगं वळलेलं एडक्याचं डोकं दिसेल. मला दिसायला जरा वेळ लागला. करडई ‘कार्थेमस टिंक्टोरियस’. पाकळ्यांतून लाल-पिवळा रंग निघतो म्हणून टिंक्टोरियस, रंगाऱ्यांची. कार्थेमस तर अरबीतून आलेला शब्द.

आता चिंच, ‘टॅमॅरिंडस इंडिका’. अरब तिला ‘तमर हिंदी’ म्हणत, हिंदी खजूर. त्याचंच टॅमॅरिंडस झालं आणि लिनियसनं वर इंडिका जोडलं. एका नावात भारत दोनदा आला, पण झाड मूळचं आफ्रिकेतलं. आंब्याच्या ‘मँजिफेरा इंडिका’त तो शब्द बरोबर बसतो, चिंचेत फसतो. नाव ठेवणाऱ्याला झाड कुठलं वाटलं, एवढंच त्यातून कळतं.

राहिला उच्चार. हरभऱ्याचं तेच ‘सायसर’ जुन्या रोमन पद्धतीनं ‘किकेर’ होतं, चर्चच्या लॅटिनमध्ये ‘चिचेर’. वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली स्पेलिंगला कडक आहे, उच्चाराचा नियम ती घालत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकणाऱ्या सोलापूरकरांना यात नवल वाटू नये. परवा ग्रुपमधल्या एका काकांनी ‘किकेर’ म्हटलं तर सगळे हसले. प्राचीन रोमच्या सिसेरो या वक्त्याचं आडनाव याच हरभऱ्यावरून पडलं असं सांगतात, आणि तो स्वतःला ‘किकेरो’च म्हणायचा.